एक दस्ता, चार जोड्या

न्यू इंग्लंडच्या जंगलात ग्राउस पक्षी झुडपातून फडफडत उठतो आणि दोन झाडांच्या फटीतून दिसेनासा होतो. नेम धरायला सवड अशी नसतेच. बॉस्टनच्या उत्तरेला असलेल्या अँडोव्हरमध्ये चार्ल्स डेव्हिस हा ग्राउसचा शिकारी कुत्र्यांचं केनेल चालवायचा. हंगाम संपल्यावरही हात तयार राहावा म्हणून पहिल्या महायुद्धाच्या आगेमागे त्याने, त्याच्या मुलाने आणि चित्रकार विल्यम हार्नडेन फॉस्टरने मोकळ्या रानात २५ यार्ड त्रिज्येचं वर्तुळ आखलं. घड्याळाच्या आकड्यांप्रमाणे १२ जागा, बारावर नेमासाठी हवेत तबकड्या फेकणारं यंत्र. प्रत्येक जागेवरून दोन, असे २४ बार व्हायचे. काडतुसांची पेटी २५ची, म्हणून उरलेलं एक काडतूस वर्तुळाच्या मध्यावरून झाडायचं. आजही या खेळाचा डाव २५चाच असतो.

पुढे शेजारच्या जमिनीवर कोंबड्या आल्या आणि त्या बाजूला छर्रे उडवणं बंद झालं. मग यांनी वर्तुळ अर्धं केलं आणि दुसरं यंत्र सहाच्या जागी बसवलं. पूर्ण वर्तुळातले सगळे कोन अर्ध्यातच मिळू लागले. १९२६मध्ये नियतकालिकांतून हा खेळ देशभर पोहोचला आणि नावासाठी ठेवलेल्या स्पर्धेतून ‘स्कीट’ हे नाव ठरलं.

मी अँडोव्हरपासून फार लांब राहत नाही आणि अदलाबदल करता येणाऱ्या चार जोड नळ्यांच्या जुन्या बंदुकीने हाच खेळ खेळतो. आमच्या गावाकडे बंदूक म्हटली की बारा बोरची दुनळी. एक पौंड शिशाच्या सारख्या १२ गोळ्या केल्या, तर त्यातली एक ज्या नळीत बसेल ती बारा बोर. म्हणून आकडा वाढला की नळी बारीक होते. फक्त ४१० हे माप थेट इंचाच्या हजारांशात आहे. अमेरिकी स्कीटमध्ये १२, २०, २८ आणि ४१० अशा चार मापांच्या स्वतंत्र स्पर्धा असतात. बाराच्या काडतुसात साधारण ३२ ग्रॅम छर्रे, ४१०च्या काडतुसात जेमतेम १४. तबकडी तीच, वेग तोच.

पूर्वी चार मापं म्हणजे चार बंदुका. विंचेस्टरची मॉडेल १२ यातल्या तीन मापांत वेगवेगळी मिळायची. ४१०साठी १९३३मध्ये आलेली मॉडेल ४२ घ्यायची. दोन्हींचं वजन आणि तोल वेगळा. सकाळी एक आणि दुपारी दुसरी खांद्याला लावली की हात गोंधळतो. यावर तोडगा निघाला तो वर-खाली नळ्यांच्या बंदुकीतून. जॉन ब्राउनिंग १९२६च्या नोव्हेंबरमध्ये बेल्जियममधल्या एफएन कारखान्यात काम करतानाच वारला. त्याची शेवटची बंदूक, सुपरपोझ्ड, मुलगा व्हॅल याने पूर्णत्वाला नेली आणि १९३१मध्ये ती बाजारात आली. पुढे याच बंदुकीचे स्कीटसाठी चार मापांचे संच निघाले.

माझा संच त्याच घराण्यातला. चामडी पेटीत चार जोड नळ्या आपापल्या खणात, दस्ता एकच. सुपरपोझ्डचं पुढचं लाकूड सुटून हातात येत नाही. ते नळ्यांवरच पुढे सरकतं. ते सरकवलं की नळ्या खाली झुकवून उचलायच्या आणि दुसरी जोडी त्याच जागी बसवायची. चारही जोड्या बाहेरून जवळपास सारख्या जाड असतात. भोक लहान, म्हणजे पोलाद जास्त. त्यामुळे मुद्दाम पोलाद कमी केलं नाही, तर ४१०ची जोडी बाराच्या जोडीपेक्षा जड भरते. चारही वजनं जुळवणं हे कारागिराचं काम. प्रत्येक जोडी कानशीने घासत त्या एकाच बंदुकीला बसवलेली असते. गाल टेकतो ती जागा आणि चापाचा ताण बदलत नाही, म्हणून अंगात मुरलेली सवय चारही मापांत कामी येते.

शिकारीत मात्र हा संच अडतो. २८च्या नळ्या लावल्या, तरी बाकीची बंदूक बाराचीच असते. तबकडीमागे नळी वळवायला ते वजन छान, पण दिवसभर डोंगर चढताना नको होतं. बदकांसाठी बारा बोर योग्य होती, पण १९९१पासून अमेरिकेत पाणपक्ष्यांच्या शिकारीत शिशाच्या छर्‍यांवर देशभर बंदी आहे आणि पोलादी छर्रे या बेल्जियन नळ्यांत वापरू नयेत असं ब्राउनिंग कंपनीच सांगते. दरम्यान बाराच्या नळीत सरकवायच्या हलक्या ॲल्युमिनियमच्या नळ्या आल्या. त्यांनी तीन मापांचं काम स्वस्तात केलं आणि कारखान्यांना चार जोड्या घडवण्याचं कारणच उरलं नाही.

म्हणून आता हे संच फुटताहेत. दस्त्यासह बाराची जोडी एकाला, बाकीच्या जोड्या दुसऱ्याच कुणाला. विकणाऱ्याला चार पैसे जास्त मिळतात, पण एका बंदुकीला घासून बसवलेली जोडी दुसरीला तशीच्या तशी बसत नाही. पुन्हा घासावी लागते आणि मूळ काम जातं. माझं कळकळीचं सांगणं एवढंच, की संच विकायचा तर पेटीसकट, चारही जोड्यांसकट विका आणि घेणाऱ्याने तो वापरावा. शिकाऱ्यांनी सरावासाठी मांडलेला खेळ कसा वाढला, त्याची पूर्ण हकिगत त्या चार जोड्या एकत्र असल्या तरच हाती लागते.