शिकारी सामानाच्या बड्या दुकानांची उतरती कळा

मुंबई–गोवें राजरस्त्यावर हातखंबा येथें तिठा आहे. तेथून एक रस्ता पश्चिमेस रत्नागिरी शहराकडे उतरतो, आणि गोव्याच्या वाटेनें थोडें पुढें गेल्यावर पालीहून साखरपा व आंबा घाट या मार्गानें कोल्हापूरची वाट फुटते. तिठ्यावर मालमोटारींचा राबता रात्रंदिवस चालू असतो; परंतु रस्ता सोडून दोन शेतें आंत शिरलें कीं अंधार पडल्यानंतर तेथें निराळाच अंमल सुरू होतो. रानडुकरें पोटरींत आलेलें भात लोळवून टाकतात, सुरणाचे वाफे उकरतात. उजाडल्यावर वानरांची पाळी येते. अशा मुलखांतील कांहीं शेतकऱ्यांच्या घरीं शेतीच्या राखणीसाठीं परवान्याची एखादी बंदूक असते. तिचीं काडतुसें वाण्याकडे मिळत नाहींत. परवाना बरोबर घेऊन शहरांतील अधिकृत विक्रेता गांठावा लागतो, आणि त्याचें दुकान बहुधा इतकें लहान असतें कीं नवख्या माणसाला तें दोन ठिकाणीं विचारून शोधावें लागतें.

एके काळीं या धंद्याचीं दुकानें वाड्याएवढीं होतीं. तीं कोणाच्या जिवावर वाढलीं आणि कशानें बसलीं, हें पाहूं लागल्यास त्या इतिहासाचा धागा शेवटीं याच शेतकऱ्याच्या बांधापर्यंत येऊन पोंचतो.

मुंबईस काळ्या घोड्याजवळ, डेव्हिड ससून वाचनालयाच्या रांगेंतच, 'आर्मी अँड नेव्ही' या नांवानें ओळखली जाणारी भव्य इमारत आहे. श्रोत्यांपैकीं अनेकजण तिच्यासमोरून गेले असतील. १८७१ सालीं लंडन येथें लष्करांतील व आरमारांतील कांहीं अधिकाऱ्यांनीं एक सहकारी मंडळी स्थापन केली. घाऊक भावानें मद्याच्या पेट्या घ्याव्या आणि आपसांत वांटून घ्याव्या, एवढाच तिचा मूळचा माफक हेतु होता. सभासद म्हणजे अधिकारी व त्यांचीं कुटुंबें. व्यवहार रोखीचा, उधारी नाहीं, म्हणून भाव उतरलेले. मद्यावरून मंडळी किराण्याकडे, किराण्यावरून कपड्यांकडे आणि तेथून तंबू, खोगिरें व बंदुका यांच्याकडे वळली. १८९१ सालीं तिनें मुंबईस शाखा काढली, १९०१ सालीं कलकत्त्यास. लंडनहून निघणारी तिची किंमतींची जंत्री हजाराहून अधिक पृष्ठांची असे. हिंदुस्थानांत नेमणूक झालेला एखादा कोवळा इंग्रज मुलगा ती चाळून स्वदेशांतच आपला सगळा संसार ठरवूं शके: घडीची खाट, घडीचें मेज, कॅनव्हासचें स्नानपात्र, सोला टोपी, कंदील, औषधांची पेटी, माशांचे गळ, दुनळी बंदूक, रायफल आणि त्यांचीं काडतुसें. बंदुकांवर मंडळी स्वतःचें नांव कोरून देई. घडणावळ मात्र बव्हंशीं बर्मिंगहॅमच्या कारागिरांची असे. जंत्रीवरून माल मागवण्याची ही रीत फिरतीवरच्या अंमलदारास फार सोयीची होती. दापोली किंवा राजापूर तालुक्यांत तंबू ठोकून बसलेल्या साहेबानें पत्र टाकावें, माल आगबोटीनें बंदरास लागावा, आणि तेथून बैलगाडीनें किंवा हमालांच्या डोक्यावरून मुक्कामीं यावा.

हे अंमलदार सगळे केवळ मौजेखातर प्राणी मारीत होते असें म्हणणें अन्यायाचें होईल. जी. डब्ल्यू. विडाल या मुलकी अधिकाऱ्यानें १८८० सालीं दक्षिण कोंकणांतील पक्ष्यांची पहिली यादी 'स्ट्रे फेदर्स' या नियतकालिकांत प्रसिद्ध केली. रत्नागिरी जिल्ह्याच्या पक्ष्यांची शास्त्रशुद्ध मोजदाद तेथून सुरू होते. त्या काळीं पक्षी ओळखणें म्हणजे पक्षी पाडणें असेंच समीकरण होतें. कातडें हातांत आल्यावांचून नांव निश्चित होत नसे. म्हणून छर्ऱ्याची बंदूक हेंच पक्षिशास्त्राचें मुख्य हत्यार ठरलें. पुढें तीनच वर्षांनीं, १५ सप्टेंबर १८८३ रोजीं, मुंबईंत आठ गृहस्थांनीं नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापन केली. त्यांत डॉ. आत्माराम पांडुरंग व डॉ. सखाराम अर्जुन हे दोघे आपले लोक होते. जकात व मीठ खात्यांतील एटकिन हाहि त्यांपैकींच एक. नोकरीच्या निमित्तानें रत्नागिरीचेंहि पाणी तो प्यालेला होता. संस्थेला आरंभीं जागा मिळाली ती फिप्सन नांवाच्या सभासदाच्या मद्याच्या दुकानांत. दुकान, बंदूक आणि विद्या यांची ही सोयरीक आज विचित्र वाटते; तेव्हां ती कोणालाच विचित्र वाटत नव्हती.

परंतु या धंद्याचा पाया कोठें होता हें पाहावयाचें तर १८७८ पर्यंत मागें गेलें पाहिजे. त्या सालीं लॉर्ड लिटनच्या कारकीर्दींत हत्यारांचा कायदा झाला. सामान्य एतद्देशीयास बंदूक बाळगण्यासाठीं परवाना आवश्यक झाला, आणि नियमांन्वयें युरोपियनांना त्यांतून सूट मिळाली. काँग्रेसनें या कायद्याविरुद्ध वर्षानुवर्षें ठराव केले. पहिल्या महायुद्धानंतर नियम बदलले, तेव्हां कोठें गोऱ्या कातडीची ती सरसकट सूट गेली. कापडाचा व्यापारी येईल त्या गिऱ्हाइकास लुगडें विकतो. बंदुकीचा व्यापारी मात्र सरकार ज्याच्याकडे बोट दाखवील त्यालाच माल विकूं शकत होता. गिऱ्हाईक व्यापाऱ्यानें मिळवलेलें नव्हतें, राज्यकर्त्यांनीं नेमून दिलेलें होतें. दुकानाच्या भिंती कितीहि जाड असल्या तरी त्यांच्याखालीं हा एवढाच कागद होता.

मालसुद्धां सरकारच्या इच्छेप्रमाणें बदले. १९०७ च्या सुमारास हिंदुस्थानांत .४५० मापाच्या रायफलींना बंदी झाली. त्यांची गोळी लष्कराच्या जुन्या मार्टिनी-हेन्री बंदुकांच्या उपयोगी पडून बंडखोरांच्या हातीं जाईल, ही भीति. लगेच विलायतेंतील कारखानदारांनीं .४६५, .४७० अशीं नवीं मापें काढलीं, आणि दुकानांच्या फळ्या नव्या मालानें भरल्या. सरकारची भीति अगदींच निराधार होती असें नाहीं. २६ ऑगस्ट १९१४ रोजीं कलकत्त्याच्या रोडा कंपनीच्या नांवें आलेला माल जकातघरांतून सोडवून नेत असतां कंपनीच्याच एका नोकरानें एक बैलगाडी भलतीकडे वळवली. पन्नास माउझर पिस्तुलें आणि सेहेचाळीस हजार काडतुसें क्रांतिकारकांना मिळालीं. शिकारी सामानाच्या दुकानानें इतिहासास दिलेला एवढा मोठा माल दुसरा नसेल!

या सगळ्या थाटांत कोंकणांतील शेतकरी कोठेंच नव्हता. त्याच्याजवळ असलीच तर ठासणीची बंदूक. नळींत दारू घालावी, गजानें ठासावी, छर्रे सोडावे, बुजवण बसवावें आणि एकच बार काढावा. तो चुकला कीं डुकराला नमस्कार करून घरीं यावें. ती नादुरुस्त झाली तर गांवचा लोहार तिच्याकडे पाही. काळ्या घोड्याच्या दुकानाचा जिना त्यानें कधीं चढला नाहीं, आणि त्या दुकानालाहि त्याची आठवण होण्याचें कारण नव्हतें.

अंमलदारांखालोखाल मोठें गिऱ्हाईक म्हणजे संस्थानिक. आंबा घाट चढून गेलें कीं कोल्हापूर दरबारचा मुलूख लागे. शाहू महाराजांची शिकारीची आवड प्रसिद्ध आहे. शिकवलेले चित्ते सोडून काळवीट धरण्याचा खेळ कोल्हापुरांत फार दिवस टिकला. मात्र विसाव्या शतकाच्या आरंभींच देशी चित्ता इतका दुर्मिळ झाला कीं कोल्हापूर व भावनगर या दरबारांना आफ्रिकेंतून चित्ते आणवावे लागले. धंद्याच्या दृष्टीनें हें चिन्ह वाईट होतें, पण तें वाचणारा कोणी नव्हता. आजच्या छत्तीसगडांतील कोरिया संस्थानच्या राजानें १९४७ मध्यें जे तीन चित्ते मारले, ते या देशांतील शेवटचे धरले जातात. १९५२ मध्यें चित्ता नामशेष झाल्याचें जाहीर झालें, आणि २०२२ मध्यें सरकारला नामिबियाहून पुन्हां चित्ते आणावे लागले. दुकानानें विकलेलें प्रत्येक काडतूस उद्यांच्या गिऱ्हाइकाचें सावज कमी करीत होतें. धंदाच आपलें भांडवल खात होता.

स्वातंत्र्यानंतरच्या घटना भराभर झाल्या. साहेब आगबोटींत बसून गेले, आणि त्यांच्यामागून त्यांचीं दुकानेंहि आवरलीं गेलीं. १९५१ मध्यें मुंबई राज्यानें वन्य पशुपक्ष्यांच्या संरक्षणाचा कायदा केला. दाजीपूरचें रान, जेथें कोल्हापूरकरांची राखीव शिकार होती, तेंच १९५८ मध्यें गव्यांचें अभयारण्य झालें. परदेशी प्रवाशांना वाघ मारवून देणाऱ्या शिकारी कंपन्यांनीं मध्य भारतांत आणखी कांहीं वर्षें ढकललीं. १९७० मध्यें वाघाच्या शिकारीस बंदी झाली आणि त्यांचीहि शिदोरी संपली. १९७१ मध्यें संस्थानिकांचे तनखे गेले. १९७२ मध्यें वन्यजीव संरक्षण कायदा झाला; त्याच वर्षींच्या गणनेंत देशभर अवघे १८२७ वाघ भरले. त्या कायद्यांत आरंभीं शिकारीच्या परवान्यांची तरतूद होती हें पुष्कळांस ठाऊक नसतें. ती १९९१ च्या दुरुस्तीनें काढून टाकली. १९८० नंतरच्या दशकांत परदेशी बंदुकांची आयात सामान्य परवानेदारास जवळजवळ बंद झाली, आणि विलायती नांवांच्या जागीं सरकारी कारखान्यांचा माल आला. पुण्याजवळ खडकीस १८६९ पासून दारूगोळ्याचा कारखाना आहे. तेथचीं 'शक्तिमान' काडतुसें हींच मग राखणदारांच्या ओळखीचीं झालीं.

वाघ वांचावा म्हणून झालेल्या या कायद्यांबद्दल विचारी माणूस हळहळणार नाहीं. दुकानें बुडालीं हें चांगलेंच झालें असेंहि म्हणतां येईल. परंतु तीं जशीं बुडालीं, तशीं सर्वत्र बुडालीं नाहींत. अमेरिकेंत न्यूयॉर्क येथें १८९२ सालीं निघालेलें ॲबरक्रॉम्बी अँड फिच हें दुकान एके काळीं त्या देशांतील शिकाऱ्यांचें तीर्थक्षेत्र होतें. बारा मजल्यांच्या इमारतीच्या तळघरांत निशाणबाजीची जागा आणि गच्चीवर गळ फेंकण्याचा सराव करण्यासाठीं हौद! तेथें बंदुकीवर कोणी बंदी घातली नाहीं. तरीहि १९७६ मध्यें त्याचें दिवाळें वाजलें, आणि आतां तें नांव तरुणांच्या कपड्यांवर दिसतें. २०१७ मध्यें त्याच देशांत गँडर माउंटन या मोठ्या साखळीचें दिवाळें निघालें, आणि कबेलाज ही तशीच दुसरी साखळी तिच्या प्रतिस्पर्ध्यानें विकत घेतली. तेथें कर्ज, अवाजवी विस्तार आणि घरबसल्या खरेदीची संवय यांनीं घाव घातला. म्हणजे तेथें दुकानदार बाजारांत हरला. आपल्याकडे बाजार कधीं भरलाच नव्हता. दरबार भरला होता, तो उठला.

रानांत हिंडण्याची हौस मात्र दरबाराबरोबर गेली नाहीं. सह्याद्रीचे किल्ले चढणारीं मुलें वाढलीं, आणि २००९ पासून डेकॅथलॉन या फ्रेंच कंपनीनें या देशांत खेळाच्या सामानाचीं पुन्हां अवाढव्य दुकानें थाटलीं. तंबू आले, घडीच्या खुर्च्या आल्या, कंदिलाच्या जागीं कपाळावर बांधावयाचे दिवे आले. जुन्या जंत्रींतील पुष्कळसा माल परत आला आहे, आणि तो आतां कारकुनाच्या मुलालाहि घेतां येतो. बंदुकीचीं पानें तेवढीं फाटलीं.

त्या फाटलेल्या पानांशीं ज्याचा कधींच संबंध नव्हता, त्याचीच आतां अडचण झाली आहे. कायदे झाले ते साहेब आणि संस्थानिक यांच्या बंदुकीकडे पाहून. त्यांची झळ लागली ती राखणीच्या बंदुकीला. पिकाचा नाश करणाऱ्या रानडुकरास मारण्याची सवड महाराष्ट्र शासनानें २०१५ मध्यें दिली, पण ती अर्ज, पंचनामा आणि वनखात्याची परवानगी यांच्या मार्गानें. डुकराचा मार्ग त्याहून जवळचा असतो. २०१९ च्या दुरुस्तीनें एका माणसास दोनच हत्यारें बाळगण्याची मर्यादा घातली गेली; शेतकऱ्याला त्याचें सुखदुःख नाहीं, त्याच्याजवळ एकच आहे, आणि निवडणूक आली कीं तीहि पोलीस ठाण्यांत जमा करण्याचा हुकूम निघतो. पीक ऐन भरांत असतांना मतदान आलें, तर माळ्यावर बसणाऱ्याच्या हातीं पत्र्याचा डबा आणि काठी राहते.

काळ्या घोड्याच्या त्या इमारतींत पुढें टाटांचें कपड्यांचें दुकान निघालें. हातखंब्याच्या बाजूला शेताच्या कडेनें जुन्या लुगड्यांचें कुंपण बांधलेलें दिसतें. वाऱ्यानें तीं फडफडलीं म्हणजे डुकरें बुजतात. पहिले चारआठ दिवस.