जामा गेला, जामदार राहिला

तुळजापूरच्या भवानीमंदिरात देवीचे दागिने जेथे जपून ठेवतात, त्यास ‘जामदारखाना’ म्हणतात. मैंदर्गी-अक्कलकोटच्या सीमाभागात मराठी व कन्नड शेजारी नांदतात आणि तुळजापूरची वाट येथील लोकांना परिचित आहे. हा शब्द त्यांना तिजोरीचाच वाटावा, यात नवल नाही. त्याचा मूळ अर्थ मात्र निराळा आहे. फारसीत ‘जामा’ म्हणजे वस्त्र, ‘दार’ म्हणजे बाळगणारा आणि ‘खाना’ म्हणजे घर; जामदारखाना ही वस्त्रांची कोठी होय. शिवकालीन अठरा कारखान्यांच्या यादीत जामदारखाना येतो, तसाच जवाहिरखानाही स्वतंत्रपणे येतो.

मग वस्त्रांच्या कोठीचा खजिना कसा झाला? त्या काळी वस्त्र हे धन होते आणि मानही होता. १२ मे १६६६ रोजी आग्र्याच्या दरबारात शहजादे, जाफरखान व जसवंतसिंह यांना खिलत, म्हणजे मानाची वस्त्रे, मिळाली. शिवाजी महाराजांना मिळाली नाहीत. महाराजांच्या संतापामागे हाही अपमान होता. अशी वस्त्रे ज्याच्या स्वाधीन, तो माणूस विश्वासाचाच हवा. आणि विश्वासाच्या माणसाकडे इतर मौल्यवान वस्तूही सोपविल्या जाणे स्वाभाविक होते.

युरोपातही असेच घडले. रोमच्या लॅटरन प्रासादातील पोपमहाशयांच्या वस्त्रागारात सोन्यारुप्याचा ठेवाही असे. तेराव्या शतकात इंग्लंडच्या राजाचे ‘वॉर्डरोब’ खाते लढायांचा खर्च सांभाळू लागले होते. आपल्या चर्चच्या सॅक्रिस्तीतही याजकाची पूजावस्त्रे आणि मिस्साचा चषक एकत्रच राखले जातात.

रेल्वेस्थानकावरील ‘क्लोकरूम’चीही हीच कथा. ‘क्लोक’ म्हणजे अंगावर घ्यायचा झगा. आपण तेथे ठेवतो ट्रंका आणि वळकट्या. हिंदी पाटीवर ‘अमानती सामानघर’ असे लिहिलेले असते. अमानत म्हणजे विश्वासाने सोपविलेली ठेव. आपल्या मराठीत तीच ‘अनामत’ झाली.

आम्हांला वाटते, या सर्व शब्दांचा खरा अर्थ हाच आहे. जामा केव्हाच निघून गेला. जामदार मात्र आडनाव होऊन घराघरांत राहिला. तो ठेवीचा मालक कधीच नव्हता. दुसऱ्याची वस्तू जशीच्या तशी परत करणे, एवढाच त्याचा मान होता, आणि तो लहान नव्हता.