संत्री परवलीचा शब्द मागत नाही



रात्रीच्या पहाऱ्यावरच्या संत्रीला अंधारात हालचाल दिसली की तो हाक देतो, ‘थम! कौन आता है?’ समोरून उत्तर आलं एवढ्यावर तो कोणाला आत सोडत नाही, परवलीचा शब्द मागतो. आजच्या भागात आपल्याला भेटणारा संत्री प्रश्न विचारतो, पण परवलीचा शब्द मागत नाही. तो आहे तुमच्या-माझ्या टेबलावरचा संगणक, आणि त्याच्यासमोर येऊन ‘मी कीबोर्ड’ म्हणणारा पाहुणा आहे रास्पबेरी पाय नावाचा, हाताच्या तळव्यात मावणारा संगणक.

जरा मागे जाऊ. नव्वदच्या दशकातल्या कचेरीतला संगणक आठवा. कीबोर्डला गोल पिन, माउसला दुसरं भोक, प्रिंटरला बोटभर जाडीची केबल. नवीन वस्तू लावली की फ्लॉपीतून ड्रायव्हर टाका, मग संगणक बंद करून पुन्हा सुरू करा. हा जाच संपवण्यासाठी इंटेल, कॉम्पॅक, डेक, आयबीएम, मायक्रोसॉफ्ट, एनईसी आणि नॉर्टेल अशा ७ कंपन्या एकत्र आल्या. जानेवारी १९९६ मध्ये यूएसबीची पहिली आवृत्ती जाहीर झाली. इंटेलमध्ये हे काम पुढे रेटणारे अजय भट्ट बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाचे अभियंता. तिथल्या अभियांत्रिकी शाखेचं मूळ सयाजीराव गायकवाडांनी १८९० मध्ये सुरू केलेल्या कलाभवनात आहे. आपले दादासाहेब फाळके शिकले, तेच कलाभवन.

यूएसबीची खरी करामत वायरीत नाही, ओळखपरेडीत आहे. वस्तू जोडली की संगणक विचारतो, ‘तू कोण?’ वस्तू आपली कागदपत्रं पुढे करते: कंपनीचा क्रमांक, वस्तूचा क्रमांक, प्रकार कोणता. कीबोर्ड आणि माउस यांच्यासाठी एचआयडी हा वेगळा वर्ग ठेवला, म्हणजे माणसाने हाताळायची उपकरणं. या वर्गाची भाषा संगणकाला आधीच येते, म्हणून ड्रायव्हर लागत नाही. कागदपत्रं खरी की खोटी हे मात्र कोणी तपासत नाही. त्या वेळी ते रास्तच होतं. कीबोर्ड म्हणजे मालकाचे हात, आणि मालकाच्या हातांवर संशय कोण घेणार?

आता पाहुण्याकडे वळू. रास्पबेरी पाय केंब्रिजमध्ये जन्मला. २९ फेब्रुवारी २०१२ रोजी तो विक्रीला आला. मुलांनी स्वस्तात प्रोग्रॅमिंग शिकावं हा हेतू. सुरुवातीच्या पायवर यूएसबीची नेहमीची भोकं होती. तिथे आपण कीबोर्ड लावायचा, म्हणजे पाय यजमान. नोव्हेंबर २०१५ मध्ये ५ डॉलरचा पाय झीरो आला आणि चित्र पालटलं. त्याचं छोटं यूएसबी पोर्ट दोन्ही भूमिका करू शकतं, कधी यजमान तर कधी पाहुणा. लिनक्समध्ये पाहुण्याच्या भूमिकेला ‘गॅजेट’ म्हणतात.

करायचं काय, ते थोडक्यात सांगतो. पायच्या सुरुवातीच्या सेटिंगमध्ये डीडब्ल्यूसी२ हा ड्रायव्हर आणि लिबकंपोझिट हे मॉड्यूल चालू करायचं. मग एका फोल्डरात ओळखपत्र तयार करायचं, की मी कीबोर्ड आहे. पायला ‘हिडजी०’ नावाची एक खिडकी मिळते. तिच्यात प्रत्येक वेळी ८ बाइट टाकायचे: पहिल्यात शिफ्ट-कंट्रोल, दुसरा रिकामा, उरलेल्या सहांत दाबलेल्या कळा. लगेच ८ शून्यं पाठवायची, म्हणजे बोट उचललं. ती विसरली तर तेच अक्षर उमटत राहतं. माउस आणखी सोपा, ३ बाइट: बटणं, आडवी हालचाल, उभी हालचाल.

इथे आपल्या लिपीची एक गंमत आहे. कीबोर्ड अक्षर पाठवतच नाही, कळीची जागा पाठवतो. १४ क्रमांक गेला की इंग्रजी मांडणीत ‘के’ उमटतं आणि इनस्क्रिप्ट मांडणीत ‘क’. ही इनस्क्रिप्ट मांडणी केंद्राच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने १९८६ मध्ये ठरवली आणि १९९१ मध्ये भारतीय मानक ब्युरोच्या प्रमाणात तिचा समावेश झाला. ब्युरोचं मुख्यालय म्हणजे इथलंच, बहादूरशाह जफर मार्गावरचं मानक भवन. केंब्रिजचा पाय मराठी लिहू शकतो तो या दिल्लीतल्या कागदामुळे.

नोएडात राहणारे माझे एक जुने सहकारी पलटणीच्या आठवणी मराठीत लिहितायत. कंपवातामुळे त्यांचं बोट एका कळीवर टिकत नाही. एक दाबायला जावं तर तीन दाबल्या जातात. नेहरू प्लेसहून आणलेल्या पाय झीरोला आम्ही मोठी, घट्ट बटणं जोडली. एका बटणावर पलटणीचं नाव, एकावर ‘सुभेदार साहेब’, एकावर सबंध ओळ पुसण्याची सोय. एका दाबानंतर अर्धा सेकंद दुसरा दाब मोजायचाच नाही, हे कामही पायच करतो. नातीच्या लॅपटॉपमध्ये काहीही भरावं लागलं नाही. त्याला वाटतं, साधा कीबोर्ड आहे. रोज पानभर मजकूर होतो. ज्यांच्याबद्दल ते लिहितायत त्यांतले बरेच जण आज हयात नाहीत. हे पान झालं नाही, तर ती माणसंही कागदावर येणार नाहीत.

पण ज्या दाराने हे पान आत आलं, तेच दार शत्रूलाही उघडं आहे. २०१० मध्ये पेन ड्राइव्हसारखं दिसणारं आणि सेकंदांत शेकडो कळा दाबणारं ‘रबर डकी’ बाजारात आलं. २०१४ मध्ये कार्स्टन नोल आणि याकोब लेल यांनी अमेरिकेतल्या ब्लॅक हॅट परिषदेत दाखवलं की साध्या पेन ड्राइव्हच्या आतली आज्ञावली बदलून त्यालाही कीबोर्डचं सोंग देता येतं. जानेवारी २०२२ मध्ये एफबीआयने इशारा दिला की कंपन्यांना टपालाने भेट म्हणून पाठवलेले यूएसबी असंच सोंग घेतात. अँटिव्हायरस फाइली तपासतो. मालकाच्या बोटांना तो काय विचारणार?

इलाज निघू लागले आहेत. लिनक्सवर यूएसबीगार्ड अनोळखी वस्तू अडवतो. ॲपलचे नवे लॅपटॉप २०२२ पासून नवी वस्तू जोडताना मालकाची परवानगी मागतात. म्हणजे संत्री आता स्वतः निर्णय न घेता गार्ड कमांडरला हाक मारतो, आणि तो कमांडर आपण आहोत.

म्हणून माझा आग्रह दोन गोष्टींचा. कचेरीत, सायबर कॅफेत, टपालात सापडलेली यूएसबी वस्तू कुतूहलापोटी लावू नका. आणि घरात कुणाचे हात थकले असतील, तर हजार-दोन हजारांत होणारा हा कीबोर्ड त्यांच्यासाठी जरूर बनवा. पाटी दोन्हीकडे तीच. ती कोणाच्या हातून आली, हे संगणकाला कळत नाही. ते आपल्यालाच बघावं लागतं.

भेटू पुढच्या भागात. जय हिंद.