पहिला घास : मुंबईतील आपल्या घरांच्या उष्टावणाचा इतिहास

ज्ञातीचा इतिहास म्हटला की मूळ गावे, कुलदैवते आणि कर्त्या पुरुषांची चरित्रे डोळ्यांपुढे येतात. घरातील मूल प्रथम अन्नाला तोंड लावते त्या क्षणाचा इतिहास मात्र सहसा कोणी लिहीत नाही. मुंबईत येऊन स्थिरावलेल्या आपल्यासारख्या समाजाच्या सुखदुःखाचा फार मोठा भाग त्या क्षणात साठलेला आहे, असे आम्हांस वाटते. म्हणून ज्ञातिबंधुभगिनींपुढे हा विषय ठेवीत आहोत.

अन्नप्राशन हा सोळा संस्कारांपैकी एक. आश्वलायन व पारस्कर या गृह्यसूत्रकारांनी त्यासाठी सहावा महिना सांगितला आहे. सुश्रुतानेही सहाव्या महिन्यात मुलास हलके व हितकर अन्न द्यावे, असे म्हटले आहे. मराठी घरांत या संस्काराला ‘उष्टावण’ हे घरगुती नाव पडले. मुलगा असल्यास सम महिना, मुलगी असल्यास विषम महिना धरावयाचा, मामाच्या मांडीवर बाळास बसवावयाचे, आणि चांदीच्या वाटीतील खिरीचा पहिला घास मामाने भरवावयाचा, ही रीत आपल्या वडीलधाऱ्यांना चांगली ठाऊक आहे. सण एका दिवसाचा असला तरी त्यामागून येणारी मऊ भाताची, वरणाच्या निवळीची आणि नाचणीच्या सत्त्वाची शिकवण महिनोन्महिने चाले. ती शिकवण आजीकडे असे.

इ.स. १८५४ साली कावसजी दावर यांनी ताडदेव येथे कापडगिरणीचा पाया घातला आणि पुढे परळ, लालबाग, शिवडी, वरळी हा सारा टापू गिरणगाव झाला. गिरगावच्या चाळींत कारकुनी पेशाची माणसे राहिली, लालबाग-परळच्या चाळींत गिरणी कामगार राहिले. आपल्या ज्ञातीची माणसे दोन्हीकडे होती. गिरगावातील गृहिणी घरी असे. तिच्या बाळाचे उष्टावण गॅलरीत पाट मांडून यथासांग होई. गिरणगावातील स्त्री मात्र वायंडिंग व रीळिंग खात्यांत कामाला जाई. कायद्याने तिच्याकडून दिवसाला अकरा तासांपर्यंत काम घेता येत असे. आजी गावी, आई गिरणीत, आणि तान्हे मूल दहा-बारा हातांच्या खोलीत शेजारणीच्या हवाली, अशी ती स्थिती होती. शास्त्राने सांगितलेला सहावा महिना तिथे कोणी पाळावा ?

मुंबई नगरपालिकेच्या इ.स. १९२१ च्या आरोग्यविषयक आकड्यांत या प्रश्नाचे उत्तर सापडते. त्या वर्षी शहरात नोंदलेल्या दर हजार जन्मांमागे ६६६ बालके वर्ष पुरे होण्याच्या आत दगावली. एका खोलीत राहणाऱ्या कुटुंबांत हाच आकडा ८२८ होता. हे आकडे वाचताना एक विवेक राखला पाहिजे. अनेक स्त्रिया बाळंतपणासाठी कोकणात वा घाटावर जात. जन्म गावी होई आणि मृत्यू मात्र मुंबईच्या दप्तरी नोंदला जाई. त्यामुळे प्रमाण वस्तुस्थितीहून फुगलेले दिसते. तथापि ही वजाबाकी करूनही जे उरते ते अंगावर काटा आणणारे आहे.

मुले का दगावत ? देवी, पटकी, दमट व कोंदट खोल्या ही कारणे होतीच. पण पोषणाचेही कारण मोठे होते. आई कामावर गेली की अंगावरचे दूध सुटे. त्याच्या जागी पाणी घातलेले, माश्या बसलेले वरचे दूध किंवा पातळ पेज येई. पोट भरल्यासारखे वाटे, पण अंगी काही लागत नसे. भुकेले मूल रडू नये म्हणून त्याला अफूची ‘बाळागोळी’ देत. इ.स. १९२२ च्या सुमारास डॉ. बार्न्स या स्त्री-डॉक्टरांनी मुंबईतील कामकरी स्त्रियांची पाहणी केली. या स्त्रियांच्या शंभरांतील अठ्ठ्याण्णव मुलांना अफू दिली जाते, असे त्यांनी नोंदविले. गुंगीतले मूल भूक लागली तरी मागत नाही, आणि न मागणाऱ्या मुलाला कोणी भरवीत नाही. त्या मातांना दोष देणे आम्हांस अन्यायाचे वाटते. खाडा केला तर चूल पेटत नव्हती.

यातून वाट काढणारे लोकही याच शहराने दिले. परळ येथे इ.स. १९२६ साली नवरोसजी वाडिया प्रसूतिगृह आणि १९२९ साली बाई जेरबाई वाडिया बालरुग्णालय उभे राहिले. मुंबई कायदेमंडळात प्रसूति-साहाय्याचे विधेयक आले तेव्हा, १९२८ च्या जुलै महिन्यात, डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी त्यास जोरदार पाठिंबा दिला. मातेला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे, असे त्यांचे प्रतिपादन होते. १९२९ साली झालेला तो कायदा या देशातील अशा प्रकारचा पहिला होय. प्रसूतीनंतर चार आठवडे स्त्रीला कामावर घेण्यास त्याने बंदी केली. पुढे १९४८ च्या कारखाना कायद्याने पन्नासांहून अधिक स्त्रिया असतील तेथे पाळणाघर सक्तीचे केले.

वाटीतील अन्नही बदलत गेले. मुंबईकरांच्या भातात रंगूनच्या तांदळाचा मोठा भाग असे. १९४२ साली ब्रह्मदेश जपानच्या हाती गेला आणि तो तांदूळ बंद झाला. १९४३ च्या मे महिन्यात मुंबईत रेशनिंग आले, आणि बाळाची पेजही रेशनच्या तांदळाची झाली. १९४९ पासून उभारलेल्या आरे वसाहतीने शहराला निर्जंतुक केलेल्या दुधाच्या बाटल्या दिल्या. डब्यातील दूधभुकटी विलायती होती. १९६० पासून अमूलने म्हशीच्या दुधापासून केलेली बालदुधाची भुकटी बाजारात आणली. गुटगुटीत मुलाला ‘ग्लॅक्सो बेबी’ म्हणण्याची प्रथा आपल्या घरांत याच काळात रुळली. डब्याच्या मोहाने अंगावरचे दूध मागे पडू लागले, तेव्हा १९९२ साली केंद्र सरकारला बालदुधाच्या जाहिरातींवर निर्बंध घालणारा कायदा करावा लागला.

आता पाहा. २००१ साली जागतिक आरोग्य संघटनेने, पहिले सहा महिने केवळ आईचे दूध आणि त्यानंतर वरचे अन्न, असा दंडक घालून दिला. २०१७ साली आपल्या देशात प्रसूति-रजा बारा आठवड्यांवरून सव्वीस आठवडे झाली. सव्वीस आठवडे म्हणजे सहा महिनेच होत. सूत्रकारांचा सहावा महिना पगारी स्त्रीच्या आवाक्यात यावयास इतका काळ लागला. घरकाम करणाऱ्या, रोजंदारीवर जाणाऱ्या असंख्य भगिनींच्या आवाक्यात तो आजही आलेला नाही, हे विसरून चालणार नाही.

जुन्यातील सर्वच घ्यावे असे नव्हे. गृह्यसूत्रांत दही व तुपाबरोबर मधही सांगितला आहे. पण वर्षाच्या आतील मुलास मध देऊ नये, असे आजचे वैद्यकशास्त्र सांगते. बाळघुटीही डॉक्टरांना विचारल्यावाचून देऊ नये. मात्र नाचणीचे सत्त्व, तूप घातलेला मऊ वरणभात, कुस्करलेले केळे यांना आजही तोड नाही. घास चमच्यावरून ओघळणार नाही इतका दाट असावा. सहा महिन्यांनंतर केवळ निवळीवर मूल वाढत नाही. अंगावरचे दूध दोन वर्षेपर्यंत चालू ठेवावे. १९८२ च्या संपानंतर आपली कितीतरी कुटुंबे डोंबिवली, विरारकडे पांगली आणि आजी व नातवंड यांच्यात लोकलचे अंतर पडले. आता उष्टावण हॉलमध्ये होते, खीर केटररची येते, आणि दुसऱ्या दिवशी काय भरवावे हे सुनेला पाकिटावर वाचावे लागते. तिला ते प्रेमाने सांगणे हे वडीलधाऱ्या स्त्रियांचे काम आहे.

शेवटी एक विनंती. आपल्या घराण्यांच्या वंशावळींत उष्टावणापूर्वी गेलेली मुले सहसा दिसत नाहीत. एखाद्या पणजीच्या नावापुढे तीन मुले लिहिलेली असतात. तिने सात जन्माला घातली होती हे फक्त एखाद्या वृद्ध आत्याला ठाऊक असते. ती आत्या आहे तोवर तिला विचारून घ्यावे, आणि नाव ठेवलेले असो वा नसो, त्या बालकांची नोंद वंशावळीत करावी. नगरपालिकेच्या दप्तरात ती आकड्यांत मोजली गेली. घरच्या वहीत तरी त्यांना एकेक ओळ मिळावी.