अंगठ्याचे नख आणि थ्री-नॉट-थ्रीची नळी

बंदूक भरलेली असो वा रिकामी, तिच्या नळीत समोरून डोकावू नये, हा शस्त्र हाताळण्याचा पहिला धडा. पहिल्या महायुद्धाच्या काळातील ब्रिटिश फौजेत मात्र अधिकाऱ्याला नेमके हेच करावे लागे. शिपायाने ली-एनफिल्ड रायफल नीट साफ केली आहे की नाही, हे नळीतून पाहिल्यावाचून कळणार कसे? आपल्याकडे थ्री-नॉट-थ्री म्हणून ओळखली जाणारी आणि २००८च्या हल्ल्यात मुंबई पोलिसांच्या हातीही दिसलेली ती हीच रायफल.

सफाईत हयगय चालण्यासारखी नव्हती. तेव्हाच्या काडतुसाच्या टोपीत पोटॅशियम क्लोरेट असे. बार उडाल्यावर त्याचा क्षार नळीत चिकटे, हवेतील ओल शोषी आणि पोलादाला गंज चढे. तेलात हा क्षार विरघळत नाही, म्हणून आधी उकळते पाणी ओतायचे. मग दस्त्याच्या कप्प्यातील दोरी काढून तिचे वजनदार टोक मागून नळीत सोडायचे आणि फासात अडकवलेली फ्लॅनेलची चिंधी एका दमात समोरून ओढून घ्यायची. दोरी मागून शिरणार, म्हणजे बोल्ट आधी काढलेला हवाच. आणि बोल्टावाचून रायफल उडूच शकत नाही.

खरा धोका त्याआधीचा. बोल्ट मागे ओढला की चेंबरमधील काडतूस बाहेर पडते, पण मॅगझिनमध्ये एखादे उरले असेल तर बोल्ट पुढे सरकताच ते त्या जागी जाऊन बसते. एक काडतूस पडताना डोळ्यांनी पाहिलेला शिपाई रायफल रिकामी समजतो; घात होतो तो तिथेच. म्हणून ‘ईझ स्प्रिंग्ज’ या हुकमावर बोल्ट भराभर मागेपुढे करून सारी काडतुसे खाली पाडायची आणि त्यानंतरच तो बंद करून चाप दाबायचा. शिपायाच्या स्मरणशक्तीवर कवायतीने मुळीच भरवसा ठेवला नव्हता.

तपासणीच्या वेळी शिपाई बोल्ट उघडा ठेवून नळीचे तोंड अधिकाऱ्याच्या डोळ्यासमोर येईल अशी रायफल धरी आणि अंगठ्याचे नख बोल्टाच्या पुढ्यात टेकवी. नखावर पडलेला उजेड नळीत परतून आतील गंज नि मळ दाखवी. अधिकारी निर्धास्तपणे डोळा लावी, कारण बोल्ट पुढे यायचा झालाच, तर त्याच्या वाटेत शिपायाचा स्वतःचा अंगठा होता.