दादासाहेब मावळंकर : अहमदाबादचे मराठी वकील

गणेश वासुदेव मावळंकर म्हणजे लोकसभेचे पहिले अध्यक्ष, एवढे बहुतेकांना ठाऊक असते. ते आपल्यासारख्याच, परप्रांतात रुजलेल्या मराठी घरातले होते, हे मात्र आम्हां इंदूरकरांनी विशेष ध्यानात घ्यावे. मूळ गाव रत्नागिरीकडील मावळंगे, जन्म १८८८ साली बडोद्यास, पदवी अहमदाबादच्या गुजरात कॉलेजची. १९१३ मध्ये त्यांनी तेथेच वकिली सुरू केली. उच्च न्यायालय मुंबईस. त्यामुळे अहमदाबादचा वकील कितीही निष्णात असला तरी मुफस्सलच.

खेडा सत्याग्रह, नगरपालिकेचे अध्यक्षपद, तुरुंगवास आणि १९३७ पासून मुंबई विधानसभेचे अध्यक्षपद अशा पायऱ्या चढत दादासाहेब जानेवारी १९४६ मध्ये दिल्लीच्या केंद्रीय विधानसभेत उभे राहिले. प्रतिस्पर्धी सर कावसजी जहांगीर. सरकारचे बळ त्यांच्या पाठीशी. मते पडली ६६ विरुद्ध ६३. पुढे १५ मे १९५२ रोजी लोकसभेत ते ३९४ विरुद्ध ५५ मतांनी निवडून आले. गंमत अशी की, विरोधी उमेदवार शंकरराव मोरे हेही मराठीच, सोलापूरचे!

या मोठ्या विजयापेक्षा आम्हांला त्यांचा नंतरचा कणखरपणा मोलाचा वाटतो. संसदेला वगळून वारंवार अध्यादेश काढण्याबद्दल त्यांनी पंतप्रधान नेहरूंना पत्रे लिहून हरकत घेतली. शासकीय सेवेत उमेदीची वर्षे घालवल्यामुळे अध्यादेशाची सोय काय असते ते आम्ही जाणतो. स्वपक्षाच्या सरकारला ती सोय नाकारण्यास छाती लागते. तरीही डिसेंबर १९५४ मध्ये विरोधकांनी त्यांच्यावरच पक्षपाताचा ठपका ठेवून त्यांना पदावरून दूर करण्याचा ठराव आणला. ठराव फेटाळला गेला. सरकार आणि विरोधक दोघेही कधी ना कधी नाराज झाले, हा आमच्या मते त्यांच्या निःपक्षपातीपणाचा बऱ्यापैकी पुरावा आहे.

ते गुजराती झाले, अशी कुणी कुरकूर करील. तुरुंगात भेटलेल्या कैद्यांवरील ‘मानवतानां झरणां’ हे पुस्तक त्यांनी गुजरातीतच लिहिले, हे खरे. पण ज्या गावाने अशील दिले, मते दिली, त्याच्या भाषेत लिहिण्यात मराठीपणाला उणेपणा कसला? आडनाव तर मावळंग्याचेच राहिले. इंदुरात कस्तुरबाग्रामी ज्या कस्तुरबा न्यासाचा कारभार चालतो, त्याचेही ते अध्यक्ष होते. २७ फेब्रुवारी १९५६ रोजी त्यांचे निधन झाले. २०१४ मध्ये त्याच आसनावर चिपळूणच्या माहेरवाशीण आणि इंदूरच्या सूनबाई सुमित्राताई महाजन बसल्या. त्याही कायद्याच्या पदवीधर.