वारेचे काय करावे?

‘माझी नाळ मराठवाड्यात पुरली आहे’ असे कोणी सांगितले, की आपण त्याचा अर्थ आपुलकी, ओढ असा घेतो. पण या वाक्प्रचारामागे एक खरीखुरी कृती आहे. घरीच बाळंतपण होत असे तेव्हा सुईण बाळाची नाळ कापी आणि नाळेचा तो भाग व वार मिळून परसात किंवा न्हाणीजवळ खड्डा करून पुरली जाई. कुत्र्या-मांजरांनी उकरू नये म्हणून वर दगड ठेवीत. वार म्हणजे आपल्या पाठ्यपुस्तकांतली ‘अपरा’. ती पुरायची असते, याविषयी आपल्याकडे कधी वाद नव्हता.

अलीकडे मात्र एक वेगळाच सल्ला कानी येतो. परदेशी असलेल्या लेकीसुनांच्या बाळंतपणाला गेलेल्या आया-सासवा सांगतात, की तिथे काही जणी वार वाळवून, तिची पूड कॅप्सूलमध्ये भरून खातात. त्यामुळे दूध वाढते, रक्त भरून येते आणि मन उदास होत नाही, असा दावा असतो. ‘ही तर प्राचीन परंपरा आहे’ आणि ‘सगळे प्राणी तेच करतात’ अशी दोन कारणेही पाठोपाठ दिली जातात. दोन्ही तपासून पाहण्यासारखी आहेत.

आधी प्राण्यांचे पाहू. गोठ्यात गाय व्याली, की शेतकरी वार पडेपर्यंत राखण करतो आणि गाईने ती खाण्याआधी उचलतो. काही गावांत ती चिंध्यांत बांधून वडाच्या झाडाला टांगतात. वडाला चीक असतो, म्हणून गाईला दूध भरपूर येईल, ही त्यामागची कल्पना. म्हणजे गाय वार खाऊ पाहते, हे आपल्या शेतकऱ्याला पक्के ठाऊक आहे. शाकाहारी असोत वा मांसाहारी, जमिनीवरील बहुतेक सस्तन माद्या वार खातात. उंट आणि माणूस हे ठळक अपवाद. अमेरिकेतील मार्क क्रिस्टल यांनी १९८०च्या दशकापासून उंदरांवर केलेल्या प्रयोगांत असे दिसले, की वार व गर्भजल खाल्ल्याने शरीरातील वेदनाशामक यंत्रणेचा परिणाम वाढतो. पण उंदरात जे घडते ते माणसात घडेलच असे नाही. उलट, बहुतेक सस्तन प्राण्यांत असलेली सवय माणसातच का नाहीशी झाली, हा जास्त कुतूहलाचा प्रश्न आहे.

आता परंपरेकडे वळू. चरकसंहितेच्या शारीरस्थानातील आठव्या अध्यायात प्रसूतीचे वर्णन आहे. मूल जन्मल्यावर अपरा पडली की नाही हे आधी पाहावे, असे तिथे सांगितले आहे. पडली नसेल, तर एका बळकट स्त्रीने नाभीच्या वर हाताने दाब द्यावा, केसांच्या वेणीने बाळंतिणीच्या घशाला स्पर्श करून उमासा आणावा, असे उपाय दिले आहेत. उमाशाने पोटात दाब वाढतो, हे त्यामागचे साधे निरीक्षण. वार अडकली तर रक्तस्राव होऊन बाई दगावते, ही भीती या वर्णनामागे स्पष्ट दिसते. पुढे बाळंतिणीच्या आहाराचे वर्णन येते: तूप किंवा तेल, त्यात पिंपळी, सुंठ, चित्रक यांचे चूर्ण, आणि पोटाला घट्ट पट्टा. वार खाण्याचा सल्ला तिथे नाही. आपल्या घरोघरच्या डिंक, मेथी, अळीव, खोबरे, शेपू या बाळंतविड्यातही तो नाही.

चीनमध्ये वाळवलेली वार औषध म्हणून वापरात होती, हे खरे. ली शिझेन यांच्या १५९६ साली छापलेल्या औषधकोशात तिचा समावेश आहे. पण ते औषध अशक्तपणा, क्षय अशा तक्रारींसाठी कोणाही स्त्रीपुरुषाला देत. आईने स्वतःची वार बाळंतपणानंतर खावी, असा तो विधी नव्हता. २०१५ च्या चिनी अधिकृत औषधसंहितेतून ते वगळण्यात आले. जगातील १७९ मानवसमाजांच्या नोंदी चाळून २०१० साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. आईने वार खाण्याची रूढ प्रथा त्यात जवळजवळ कुठेच आढळली नाही. पुरणे, जाळणे, टांगणे, पाण्यात सोडणे हेच सर्वत्र होते. आज ज्याला प्राचीन म्हणतात ती चाल प्रत्यक्षात अमेरिकेत १९७०च्या दशकात, घरी बाळंतपण करू पाहणाऱ्यांमध्ये रुजली.

मात्र विज्ञानाने हा प्रश्न त्याआधीच हाताळला होता. १९१७-१८ मध्ये अमेरिकेत हॅमेट यांनी बाळंतिणींना वाळवलेली वार देऊन दुधाची व बाळाच्या वाढीची मोजमापे केली आणि अनुकूल निष्कर्ष काढला. १९५४ साली चेकोस्लोव्हाकियात दूध कमी येईल अशी शंका असलेल्या २१० बाळंतिणींना अशीच पूड दिली. सुमारे ८६ टक्क्यांना फायदा झाला असे नोंदवले गेले. तुलनेसाठी गोमांस दिलेला गट होता अवघ्या २७ जणींचा, आणि त्यातही एकतृतीयांश जणींना ‘फायदा’ झाला होता! बाळंतपणानंतर पहिल्या आठवड्यात दूध आपोआपच वाढते. त्यामुळे काही न करताही किती सुधारणा होते, हे कळल्याशिवाय औषधाचे श्रेय ठरवता येत नाही. नियंत्रित गट कशासाठी, हे वर्गात समजावून द्यायला याहून चांगले उदाहरण शोधावे लागणार नाही.

शरीरक्रियाशास्त्र तर आणखी एक अडचण पुढे करते. गरोदरपणी वार मोठ्या प्रमाणात प्रोजेस्टेरॉन तयार करते आणि हे संप्रेरक भरपूर दूधनिर्मिती रोखून धरते. वार पडली की त्याची पातळी झपाट्याने घसरते आणि दूध उतरू लागते. वारेचा तुकडा आत राहिला तर दूध उशिरा येते, हा डॉक्टरांचा अनुभव आहे. दूध येण्यासाठी वार शरीराबाहेर जायला हवी. तीच पुन्हा पोटात घालून दूध वाढावे, हे तर्काला धरून नाही.

राहिला रक्ताचा प्रश्न, आणि आपल्यासाठी तोच सर्वांत महत्त्वाचा. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातील सुमारे ५४ टक्के स्त्रियांत रक्तक्षय आढळला. अमेरिकेत २०१७ साली २३ बाळंतिणींवर चाचणी झाली. काहींना वारेच्या, काहींना गोमांसाच्या कॅप्सूल. कोणाला काय मिळाले हे गुप्त. लोहाच्या पातळीत लक्षणीय फरक पडला नाही. पडणार तरी कसा? दिवसभराच्या कॅप्सूलांतून मिळणारे लोह होते फार तर २ मिलिग्रॅमच्या आसपास. आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात बाळंतपणानंतर १८० दिवस मोफत मिळणाऱ्या एका गोळीत ते ६० मिलिग्रॅम असते. २०१८ मध्ये त्याच संशोधकांनी २७ जणींची मनःस्थिती व थकवा तपासला. तिथेही ठोस फायदा दिसला नाही. शिवाय २०१७ साली अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने ऑरेगनमधील एका तान्ह्या बाळाची हकिकत प्रसिद्ध केली. बाळाला पुन्हा पुन्हा जंतुसंसर्ग होत होता आणि आईच्या कॅप्सूलमध्ये त्याच जातीचे जंतू सापडले.

मग वारेत काहीच मोलाचे नाही का? आहे, पण ते आईसाठी नव्हे, बाळासाठी. पूर्वीच्या सुइणी बहुधा वार पडल्यावरच नाळ कापीत. बाळ रडले नाही तर देशाच्या काही भागांत वार निखाऱ्यावर शेकत; वारेतला जीव नाळेवाटे बाळात जातो, अशी समजूत होती. शेकण्याला आधार नाही, पण नाळ कापण्याची घाई न करण्याला आहे. जन्मानंतर एक ते तीन मिनिटे थांबल्यास वारेतील सुमारे ८० ते १०० मिलिलिटर रक्त बाळाकडे येते आणि पुढील काही महिन्यांची लोहाची शिदोरी त्याला मिळते. म्हणूनच नाळ एक मिनिटाच्या आत बांधू नये, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. त्याच सुइणीची अस्वच्छ विळी किंवा पाते मात्र धनुर्वात घेऊन येई. नवजात अर्भकांच्या धनुर्वाताचे देशातून निर्मूलन झाल्याचे जाहीर व्हायला २०१५ साल उजाडले. परंपरेतले सगळे घ्यायचे नसते आणि सगळे टाकायचेही नसते. एकेक गोष्ट निवडावी लागते.

आज छत्रपती संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयात काय किंवा तालुक्याच्या दवाखान्यात काय, बाळंतपणानंतर वार पूर्ण आली ना, हे तपासले जाते. मग ती जैववैद्यकीय कचऱ्याच्या पिवळ्या पिशवीत जाते. अंगणातला खड्डा गेला, त्यावरचा दगडही गेला. पण वार पडली का, हा चरकाचा पहिला प्रश्न अजून तोच आहे. त्यानंतरचा प्रश्न आपण विचारायला हवा: लोहाची गोळी रोज घेतली जाते का? नववी-दहावीच्या मुलींपर्यंत हा दुसरा प्रश्न पोचवणे शिक्षकांच्या हाती आहे. त्यांतल्या कितीतरी जणी येत्या दहा वर्षांत आई होतील.